कच्चं व्हिनियर पावसाळ्यात घरी कसं ठेवायचं: आडवं की उभं, प्लास्टिकमध्ये की कागदात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरी बंद करून केलेलं छोटं वर्कशॉप, सागाच्या कच्च्या व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या सुट्या कापांची, २४ पानं (८ फूट लांब, फूटभर रुंद), अक्रोड बर्लची (झाडाच्या गाठीतलं, वेड्यावाकड्या रेषांचं लाकूड) चार लहान पानं, आणि ४ मिमीचे दोन तयार ८ बाय ४ चे शीट (प्लायवर व्हिनियर आधीच चिकटवलेले). काम दिवाळीच्या सुमारास सुरू करायचंय, पाऊस तीन आठवड्यांवर आलाय. तर माल आडवा ठेवायचा की उभा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा का, आणि सिलिका जेल किती टाकायचं.

मी बावीस वर्षं व्हिनियरचं काम करतोय, पहिली सहा ठाण्याला आणि नंतरची पुण्यात, त्यामुळे खाडीकडची हवा आणि घाटावरची हवा दोन्ही हातांनी अनुभवलीये. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं करा: व्हिनियर गॅलरीत ठेवू नका. वर्कशॉप गॅलरीत आहे म्हणून मालही तिथेच ठेवायला हवा असं काही नाही. बंद केलेल्या गॅलरीला तीन बाजूंनी बाहेरच्या भिंती असतात, स्लायडिंगच्या फटींतून झडीचं पाणी आत येतं, दुपारी ऊन आलं की तासाभरात ती भट्टी होते आणि संध्याकाळी पावसाची सर आली की परत गार. घरात लाकडासाठी याच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. तुमचं व्हिनियर बेडरूममध्ये जायला हवं, शक्यतो घराच्या मधल्या भिंतीला लागून, आणि ती भिंत बाथरूमची नको.

आता कारण, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढचे बारीकसारीक निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. लाकूड हवेशी बरोबरी करत असतं. हवेत आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो, ६५ टक्क्यांना साधारण १२, ८० ला १६, आणि ९० च्या वर गेली तर २० च्या घरात. जाड फळीला हे व्हायला आठवडे-महिने लागतात पण अर्ध्या मिलिमीटरच्या सुट्या पानाला काही तास पुरतात. एसीच्या खोलीत जेमतेम ९ टक्क्यांवर असलेलं पान जुलैत गॅलरीत नेऊन ठेवलं की ते १६ कडे जाणारच. सागाचं काय होतं बघा: साग मुळात शांत लाकूड, पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत क्राऊन कटच्या (ओंडक्याचे सपाट काप काढलेल्या) पानाच्या रुंदीच्या दिशेने तो साधारण ५.८ टक्के आकसतो, म्हणजे ७ टक्के ओलावा वाढला की फूटभर रुंद पान ४ मिमीने फुगतं. हेच व्हाइट ओक असतं तर ७ मिमीच्या वर. पान मोकळं असेल तर फुगेल आणि परत आकसेल, एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं कधी, तर एक भाग फुगला आणि शेजारचा तसाच राहिला तर.

आणि ढिगात नेमकं हेच होतं. चोवीस पानं एकावर एक ठेवली तर मधल्या पानांना हवा लागत नाही, कडांना मात्र सगळीकडून लागते, त्यातही आठ फुटांच्या दोन टोकांना सगळ्यात जास्त कारण लाकडाच्या रेषांच्या उघड्या तोंडातून ओलावा कितीतरी पटीने वेगात आत-बाहेर करतो. पावसात कडा फुगतात, मध्य तेवढाच राहतो, फुगलेल्या कडेला जायला जागा नसते म्हणून तिला लाटा येतात. ऑक्टोबरात उलटं, कडा आधी सुकतात, आकसतात, आणि टोकापासून आत दोन-दोन चार-चार इंच चिरा जातात. लोक म्हणतात व्हिनियर खराब निघालं, माल बरा असतो हो, ठेवणं चुकलेलं असतं. ओलावा बदलला तरी चालतो, पण सावकाश आणि सगळ्या बाजूंनी सारखा बदलला पाहिजे. आपण जे काही करायचंय ते एवढ्यासाठीच.

तर आडवंच ठेवायचं. कच्चं व्हिनियर उभं अजिबात नको, भिंतीला टेकवून तर नाहीच. अर्ध्या मिलिमीटरच्या पानाला स्वतःचा ताठपणा नसतो, ते स्वतःच्या वजनाने बसतं, खालची कड चुरते, आणि जिथे वाकतं तिथे त्याला ती सवय लागते. गुंडाळी करून कपाटावर ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. दुकानातून रिक्षात आणायला गुंडाळी ठीक, घरी आल्या दिवशी सोडायची. महिनोन् महिने गुंडाळलेलं पान कोरड्या दिवशी उलगडायला गेलात तर ते रेषेरेषेने तडकतं. अशी जुनी गुंडाळी असेलच तर दमट दिवशी, तासभर पाण्याचा हलका फवारा मारून, हळूहळू उलगडा.

खाली आणि वर सपाट, ताठ फळी पाहिजे. खाली १८ मिमीची प्लाय किंवा एमडीएफ, वरही तीच, दोन्ही पानांपेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठ्या. तुमच्या पानांसाठी ८ फूट ४ इंच पाहिजे आणि बाजारात शीट ८ फुटीच मिळतं, मग काय करायचं? माझा सल्ला, पानं आत्ताच कापा. काय करायचंय ते ठरलेलं असेल, कपाटाची दारं म्हणा, साइडबोर्ड म्हणा, तर तुकड्यांची मापं काढा, प्रत्येक मापात दोन-अडीच इंच जास्तीचे धरा आणि चोवीसच्या चोवीस पानं एकाच जागी कापा, म्हणजे बुक मॅच (लागोपाठची दोन पानं पुस्तकासारखी उघडून जुळवलेलं चित्र) हलत नाही. आठ फुटी पान घरात सांभाळणं फार अवघड, वळवताना दाराच्या चौकटीला लागतं, पलंगाखाली मावत नाही. सव्वासहा फुटी पलंगाच्या खाली किंवा दिवाणाच्या पेटीत साडेपाच फुटांच्या आतलं काहीही निवांत राहतं, आणि दिवाणाची पेटी ही मुंबईच्या फ्लॅटमधली व्हिनियरसाठी सगळ्यात चांगली जागा आहे, अंधार, बंद हवा, आणि घराच्या आतल्या बाजूला. लोक पोटमाळ्यावर टाकतात, तो नको. छताखाली उन्हाळ्यात तापतो आणि बहुतेक घरांत तो बाथरूमच्याच वर असतो.

जुना फ्लश डोअर मिळाला तर सोडू नका, ३० मिमी जाड, सरळ, वजनदार, दाबून ठेवायला त्याच्यासारखी वस्तू नाही. पृष्ठभाग मात्र तपासा, निघालेल्या बिजागरीची जागा, स्क्रूचं डोकं, रंगाचे पोपडे, जे काही उंचसखल असेल त्याची छाप पानावर उमटते. वजनाचं म्हणाल तर १८ मिमीची तेवढी फळी स्वतःच दहा-पंधरा किलो भरते, सागाला एवढं पुरे. जास्त दाबू नका, पान फुगलं तर त्याला सरकता आलं पाहिजे.

लोखंड. यावर मी जरा थांबतो कारण यात माझा स्वतःचा माल गेलाय. ठाण्याला असताना ओकच्या एका बंडलवर वरची फळी छोटी पडत होती म्हणून टोकाला किराणा दुकानातली जुनी दोन किलोची लोखंडी मापं ठेवली, मध्ये फक्त एक वर्तमानपत्र. जूनमध्ये ठेवली, गणपतीच्या आधी उचलली. वरच्या पानावर निळसर काळं गोल चक्र, इतकं स्वच्छ की मापाखालची उठावाची अक्षरंसुद्धा उलटी वाचता येत होती, आणि तो डाग खाली मोजून पाच पानं उतरला होता, प्रत्येक पानावर थोडा फिका होत. ओक, अक्रोड, साग यांच्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्याला ओलावा आणि लोखंड मिळालं की शाई तयार होते, पूर्वी लिहायची शाई याच पद्धतीने करायचे. ऑक्झॅलिक अॅसिडच्या पातळ द्रावणाने डाग बराचसा निघतो (हातमोजे घाला, विषारी असतं, आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा) पण अर्ध्या मिलिमीटरच्या पानाला एवढं भिजवणं म्हणजे परत दाबून सुकवण्याचा उद्योग. मी त्यातली तीन पानं वाचवली, दोन आतल्या कप्प्यांना वापरली. तेव्हापासून व्हिनियरच्या आसपास उघडं लोखंड नाही: लोखंडी रॅक असेल तर वर फळी आणि प्लास्टिक, क्लॅम्प लावला तर जबड्याखाली लाकडाचा तुकडा, स्टील वूलचे कण झाडून काढायचे, स्टेपल नको. वजनाला विटा वापरा, जाड पिशवीत घातलेल्या, किंवा फरशीचे तुकडे.

छापलेलं वर्तमानपत्रही पानाला थेट लावू नका, शाई उतरते. कोरा न्यूजप्रिंट मिळतो, नाहीतर ब्राऊन पेपर.

आता प्लास्टिक. दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलतात आणि दोघांचंही अर्धं बरोबर आहे. प्लास्टिक आतला ओलावा आत आणि बाहेरचा बाहेर ठेवतं. म्हणून प्रश्न एवढाच की तुम्ही बंद करताय तेव्हा आत किती ओलावा आहे. मे महिन्यात कोरड्या दुपारी, घरात आठ-दहा दिवस पडून स्थिर झालेला ढीग बंद केलात तर तो सप्टेंबरपर्यंत तसाच राहतो. जुलैत पाऊस चालू असताना घाईघाईने गुंडाळलात तर तुम्ही बुरशीची पेटी भरताय. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत म्हणजे वेळ अगदी योग्य आहे. माल आणल्यापासून बेडरूममध्ये फळ्यांमध्ये दहा दिवस ठेवा, रोज पंखा चालू असतो तेवढी हवा पुरे, मग आधी ब्राऊन पेपरचं वेष्टण, मग जाड पॉलिथिन. जाड म्हणजे २०० मायक्रॉनचं, स्लॅबखाली अंथरतात तसलं, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतं. किराणाची पातळ पिशवी चार महिने ओलावा अडवत नाही. काळं मिळालं तर काळं घ्या, का ते पुढे सांगतो. जोडावर टेप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळ्यांसकट गुंडाळा, नुसती पानं नाही. फळ्यासुद्धा लाकूडच आहेत, त्याही ओलावा देतात-घेतात, त्या आत असल्या की हवा जरा बदलली तरी ढिगाला लगेच कळत नाही.

सिलिका जेलबद्दल हिशोब करून दाखवतो कारण त्यावर लोकांचा फार विश्वास आहे. तुमच्या चोवीस पानांचं वजन पाच-साडेपाच किलो भरेल. हा ढीग ९ टक्क्यांवरून १६ वर गेला तर त्याने हवेतून जवळजवळ ३५० ग्रॅम पाणी ओढलं. शंभर ग्रॅमची सिलिकाची पुडी, नवी कोरी, फार तर पंचवीस-तीस ग्रॅम पाणी घेते आणि मग थांबते. म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या प्रश्नाला तीस ग्रॅमचं उत्तर. लाकूड हेच त्या पॅकेटमधलं सगळ्यात मोठं सिलिका जेल आहे. टाकायची तर टाका दोन पुड्या, पॅक करताना राहिलेली दमट हवा त्या ओढतील, पण टेप नीट लावण्यावर जास्त मेहनत घ्या. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धतही मी बघितलीये, लाकडाचा भुसा आणि गरम बल्ब एका बंद जागेत रात्रभर, हे कुणी करू नका. डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) घ्यायची ऐपत आणि जागा असेल तर तो खरोखर काम करतो, मात्र खिडक्या बंद असतील तरच, उघड्या खिडकीत तो फक्त वीज खातो.

आर्द्रता मोजायला दोन-चारशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर घ्या पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको, ही यंत्रं पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात. तपासायला मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत आर्द्रता बरोबर ७५ टक्के होते, मीटर ७० दाखवत असेल तर पुढे कायम पाच मिळवायचे.

ओलावा मोजायचा पिनवाला मीटर मात्र सुट्या व्हिनियरला उपयोगाचा नाही, अर्ध्या मिलिमीटरमध्ये तो काय मोजणार. माझी पद्धत स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची आहे. पानं कापताना ज्या पट्ट्या उरतात त्यातल्या थोड्या घ्या, ओव्हनमध्ये शंभर-एकशेपाच अंशांवर ठेवून दर तासाने वजन करा, वजन उतरायचं थांबलं की त्या पूर्ण सुकल्या. त्या सुक्या पट्ट्यांतून बरोबर १०० ग्रॅम मोजून घ्या, दोऱ्याने सैल बांधा आणि ढिगाशेजारी ठेवा. दोन दिवसांनी पुडा ११२ ग्रॅम भरला तर १२ टक्के ओलावा, सरळ वाचायचं. सागाच्या पट्ट्या सागाच्या ढिगाला, अक्रोडाच्या अक्रोडाला. डोंबिवलीत मेच्या शेवटी ११ ते १३ च्या मध्ये आला तर बंद करायला हरकत नाही. १४ च्या वर असेल तर दोन-तीन दिवस दुपारी एसी लावून खोली कोरडी करा आणि परत बघा. हाच पुडा पॅकेटच्या आत टाका, पुढे कामाला येतो.

बंद करण्याआधी टोकांना टेप. प्रत्येक पानाच्या दोन्ही टोकांना गमची कागदी टेप लावायची, पाणी लावून चिकटवतात ती, व्हिनियरचे जोड जुळवायला वापरतो तीच. चीर टोकातूनच सुरू होते, टेप तिला रोखते. पार्सलची प्लास्टिक टेप लावलीत तर काढताना लाकडाचे तंतू घेऊनच निघते, आणि मास्किंग टेप दोन-चार दिवसांसाठी ठीक, चार महिने उन्हाळ्या-पावसाळ्यात राहिली की गोंद लाकडात मुरतो आणि पॉलिशला तिथे ठिपका दिसतो. आधीच गेलेली चीर असेल तर तीही आत्ताच बंद करा, पानाच्या वरच्या बाजूने, हाताने जुळवून. आज दिसत नसलेली चीर उचलताना फूटभर जाते.

आणि क्रम! एका ओंडक्यातून लागोपाठ काढलेली पानं असतात म्हणून तर चित्र जुळतं, तो क्रम गेला की तुम्ही घेतलेल्या मालाची अर्धी किंमत गेली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात खडूने नंबर आणि वरच्या टोकाकडे बाण. बॉलपेन नको, दाबाची खूण राहते आणि शाई पॉलिशमध्ये पसरते. शिवाय सगळा ढीग सरळ करून कडेवर पेन्सिलने एक तिरकी रेघ मारा, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. चोवीस पानांचा ढीग सव्वा सेंटीमीटर जाडीचा, त्यामुळे रेघ जरा लांबट तिरकी घ्या. उद्या पानं मागेपुढे झाली तर रेघ तुटलेली दिसते, नंबर वाचत बसायला नको. कापायच्या आधी पूर्ण बंडलचा फोटोही काढून ठेवा.

उजेडाचं राहिलं. काळं प्लास्टिक म्हटलं ते यासाठी. अक्रोड उजेडात हळूहळू फिका पडतो, चेरी गडद होते, पडौक लाकडाचा भगवा-लाल रंग तपकिरीकडे जातो. सागाचं वेगळंच, ताज्या कापलेल्या सागात हिरवट-काळपट पट्टे दिसतात आणि नवीन लोक घाबरतात, उजेड लागला की तेच पट्टे निवळून सोनेरी रंग येतो. हा रंग यायला हवा पण तो काम झाल्यावर, सगळ्या पानांना एकदम. ढिगातलं वरचं पान अर्धं झाकलेलं, अर्धं खिडकीसमोर असं महिनाभर राहिलं तर मध्ये सरळ रेषा उमटते, आणि घासून ती काढायला अर्ध्या मिलिमीटरमध्ये जागा कुठे आहे? वर एक टाकाऊ पान ठेवायचं, कायम.

कीड. सागाच्या गाभ्याला भुंगेरा सहसा शिवत नाही, पण कडेचं पांढरं लाकूड त्याला आवडतं, आणि अक्रोड, ओक, अॅश यांची पांढरी पट्टी तर फारच, त्यात स्टार्च असतो. खूण म्हणजे मैद्यासारखी बारीक पूड आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गोल भोकं. घरी हा बहुतेक वेळा व्हिनियरमधून येत नाही, शेजारी ठेवलेल्या स्वस्त प्लायमधून किंवा रबरवूडच्या तुकड्यांतून येतो. त्यामुळे वर्कशॉपमधली भंगार प्लाय आणि हा ढीग एका खोलीत नको. लहान पानांवर संशय आला, तुमच्या बर्लसारख्या, तर घट्ट पिशवीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर पाणी जमतं. डांबराच्या गोळ्यांनी आत पोखरणाऱ्या अळीला काही होत नाही.

बर्लबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मालातली सगळ्यात नाजूक गोष्ट ती आहे. बर्लमध्ये रेषांना दिशा नसते, एका वितीत दहा दिशा, त्यामुळे प्रत्येक इंच वेगवेगळा आकसतो आणि पान पापडासारखं वर-खाली होतं. तुमची पानंही अशीच असणार. ती सरळ करायची पद्धत अशी: पाणी चार भाग, ग्लिसरीन दोन, स्पिरिट एक, दोन्ही बाजूंना फवारायचं, पंधरा-वीस मिनिटांनी पान ओल्या चामड्यासारखं लवचिक झालं की कोऱ्या न्यूजप्रिंटच्या चार-पाच थरांत घालून दोन फळ्यांमध्ये हलकं दाबायचं. पहिल्या दिवशी दोन-तीन तासांनी कागद बदलायचे, मग रोज सकाळ-संध्याकाळ, कागद हाताला कोरडा लागेपर्यंत, पाच-सहा दिवस जातात. जोर लावून एकदम दाबलंत तर मोडतं, पहिल्या दिवशी फक्त फळीचं वजन, दुसऱ्या दिवशी थोडं अजून.

पण हे आत्ता करू नका. काम दिवाळीला आहे, मध्ये चार महिने पाऊस, आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं. आत्ता सरळ केलेलं बर्ल जुलैपर्यंत बंद पॅकेटमध्ये बुरशीला आयतं सापडेल. आत्ता फक्त मऊ कागदाच्या थरांत, आहेत तशी वाकडीतिकडी, एका उथळ खोक्यात ठेवा, वर जेमतेम वजन, आणि खोकं त्याच पद्धतीने पॅक करा. वापरायच्या आठ-दहा दिवस आधी सरळ करा आणि फळ्यांतून काढल्या काढल्या चिकटवा, मोकळं सोडलंत तर दोन दिवसांत परत पापड. भोकं आणि तडे असतात बर्लला, वरच्या बाजूने कागदी टेपचे तुकडे लावून घ्या, आणि निघालेला प्रत्येक कपचा एका डबीत जमवा, पुढे भोकं भरायला त्याच पानाचा तुकडा लागतो, दुसरा जुळत नाही.

तयार ४ मिमीच्या शीटचं तुलनेने सोपं आहे. आडवे, समोरासमोर तोंड करून, मध्ये कोरा कागद, खाली पाच-सहा बॅटन (लाकडी पट्ट्या) एका पातळीत, दीड फुटापेक्षा जास्त अंतर नको, जमिनीपासून चार-सहा इंच वर. जागाच नसेल तर उभे चालतील पण टेकवून नको, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जवळजवळ सरळ उभे, दोन्ही बाजूंनी जाड प्लायचा आधार, आणि भिंत आतली. उचलताना ओढू नका, दोघांनी मिळून उचला. वरचा थर कारखान्यात घासून आधीच पातळ झालेला असतो, खालच्या शीटवरचा एक खडा वरच्यावर लांब ओरखडा काढतो आणि तो घासायला गेलात तर खालची प्लाय दिसायला लागते.

मध्येच बुरशी दिसली तर? पांढरी, पीठ टाकल्यासारखी असेल तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पान सुकवून फळीत घाला, सहसा डाग राहत नाही. निळी-काळी छटा लाकडात उतरली असेल तर ती जात नाही, ते पान आतल्या बाजूला वापरा. पण उगाच दर आठवड्याला पॅकेट उघडून बघू नका, दरवेळी तुम्ही जुलैची हवा आत घेताय. एकदा, गणपतीच्या सुमारास, पाऊस थांबलेल्या दुपारी एक कोपरा उघडून हात घाला आणि नाकाने वास घ्या. कोंदट वास आला तरच पूर्ण उघडा, नाहीतर परत टेप.

ऑक्टोबरात उघडताना घाई नको. बाहेर ऊन कडक झालेलं असतं, आतला ढीग अजून मेच्याच ओलाव्यावर, एकदम सोडलात तर टोकं तडकतात. पहिले दोन दिवस फक्त प्लास्टिक काढा, ब्राऊन पेपर आणि फळ्या तशाच ठेवा. मग कागद काढा, वरची फळी राहू द्या. आतला पट्ट्यांचा पुडा बाहेर काढून रोज सकाळी वजन करा, आणि तीन दिवस लागोपाठ वजन सारखं आलं की कापायला घ्या.